साहेब ऊर्फ ढब्ब्या

मी बोका बोलतोय. आजारी, म्हातारा आणि अर्धा टकला. मानेवरचे केस सुया टोचून टोचून गेले आहेत. दया दाखवू नका, माझं ऐका.

मला नावं दोन. पोरगी मला ढब्ब्या म्हणते, तिचा बाप साहेब म्हणतो. या घरात कुठल्याच गोष्टीवर एकमत होत नाही, मग माझ्या नावावर कसं होणार?

माझा जन्म एका गॅरेजच्या मागे, फुटक्या टायरात झाला. शाळकरी पोरगी मला दप्तरात घालून घरी घेऊन आली. बाप तेव्हा हेडमास्तर होते. "हा घाणेरडा प्राणी घरात नको," असं त्यांनी ठणकावलं आणि संध्याकाळी मलाच मांडीवर घेऊन पेपर वाचत बसले. मोठ्या माणसांचं ठणकावणं हे असंच असतं.

पोरीची आई मी यायच्या आधीच गेली होती. त्यामुळे हेडमास्तरांना चुकलात म्हणणारं घरात कुणी उरलं नव्हतं. पुढे पोरगी वाढली आणि म्हणायला लागली. तिने इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं, माझ्या जन्मगावी म्हणजे त्याच गॅरेजात स्कूटर दुरुस्त करायला लागली. हेडमास्तरांनी त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं. तिनेही टाकलं. हट्ट सगळा बापाचा, रक्तात आलेला.

पण एका घरात राहायचं तर बोलावं लागतंच. म्हणून त्यांनी मला मधे घातलं.

"साहेब, विचारा तिला, रात्री जेवायला आहे का?"

"ढब्ब्या, सांग त्यांना, मी खाऊन आलेय."

दोघं एकमेकांपासून तीन हातांवर उभी असायची. मी शेपूट हलवायचो. निरोप पोचला असं दोघांनी धरून चालायचं. आयुष्यभर पोरांना शिकवलेला माणूस, आणि बोलतोय कुणाशी, तर मांजराशी!

मग मला तहान लागायला लागली. पाण्याची वाटी संपवून मी बादलीत तोंड घालायचो. मुतायचो तर असा, की वाळूचा डबा चिखलाचा व्हायचा. अंग उतरलं, कट्ट्यावर उडी मारता येईना. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "शुगर आहे. आणि किडन्याही गेल्यात बऱ्याचशा."

एक आजार पुरला नाही मला. शुगर म्हणते मांसाचं खाणं वाढव, किडनी म्हणते कमी कर. माझ्या पोटात ही भांडणं, बाहेर ती.

"सगळ्यात आधी तो खायला हवा," बाई म्हणाल्या. "खाल्लं तरच इन्सुलिन. नाही खाल्लं तर मला फोन करायचा, मनाने टोचायचं नाही. आणि किडनीसाठी कातडीखाली सलाईन."

"मला नका शिकवू," हेडमास्तर म्हणाले. "मला स्वतःला कित्येक वर्षं शुगर आहे."

"मग खिशातून ते बिस्किटाचं टोक काय डोकावतंय?" बाईंनी विचारलं.

पोरगी हसली. हेडमास्तरांनी खिसा दाबला. त्या बिस्किटातलं अर्धं रोज मला मिळायचं, हे दोघांनीही बाईंना सांगितलं नाही.

घरी वाटणी झाली, अर्थात माझ्यामार्फत. सकाळची सुई पोरीची, संध्याकाळची बापाची. सलाईन मात्र दोघांनी मिळून द्यायचं.

"ढब्ब्या, सांग त्यांना, बाटली जरा वर धरा."

"साहेब, सांगा तिला, वरच आहे. सुई तिने नीट घालावी."

सुई माझ्या मानेत, आणि निरोपही मीच पोचवायचे!

एकदा संध्याकाळी हेडमास्तर मला म्हणाले, "साहेब, सांगा तिला, कॉलेज अजून परत घेईल. ग्रीस पुसत जन्म काढायचाय का?"

"ढब्ब्या, सांग त्यांना, ग्रीस साबणाने निघतं. त्यांचे टोमणे निघत नाहीत," पोरगी म्हणाली आणि दार आपटलं.

सकाळी तिच्या चपला दाराशी नव्हत्या. रागाच्या भरात सुई न देताच कामावर गेली, असं हेडमास्तरांनी ठरवलं. मला खायला घातलं, टोचलं, कान खाजवले आणि म्हणाले, "साहेब, सुई झाली हं. सांगा तिला." मग फिरायला गेले.

पोरगी गेली होती माझंच खाणं आणायला. परत आली तेव्हा मी रिकाम्या वाटीपाशी बसून केकाटत होतो. मी नेहमीच केकाटतो, तो माझा स्वभाव आहे. तिने नवा डबा फोडला. मी दोन घास चाटले. तिने टोचलं. "झालं हं तुझं, ढब्ब्या."

दोघांनीही मला सांगितलं. एकमेकांना कुणीच नाही.

थोड्या वेळाने फरशी हलायला लागली. मागचे पाय माझे उरले नाहीत. दारापर्यंत गेलो आणि तिथेच आडवा झालो. पोरगी धावत आली. तेवढ्यात हेडमास्तर दारात.

"बाबा! तुम्ही सुई दिली होती?"

किती महिन्यांनी ती त्यांच्याशी थेट बोलली!

"दिली ना. मी साहेबांना सांगितलं होतं!"

"तो मांजर आहे, बाबा!"

 हेडमास्तरांनी खिशात हात घातला. बिस्किट नाही, ग्लुकोजची पुडी निघाली. स्वतःला चक्कर आली तर म्हणून ठेवलेली, पोरीपासून लपवलेली. थुंकीने बोट ओलं करून त्यांनी ती माझ्या हिरड्यांना चोळली. पोरीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि स्कूटर काढली. मागे बाप, त्याच्या मांडीवर टॉवेलात मी.

"सावकाश चालव," ते ओरडले.

"सावकाश चालवलं तर मरेल तो!"

"मग जोरात चालव!"

एकमत झालं. मी पुरता शुद्धीत असतो तर टाळ्या वाजवल्या असत्या.

बाईंनी शिरेतून ग्लुकोज दिलं, दिवसभर ठेवून घेतलं. "याच्या किडन्या कमजोर, औषध अंगातून लवकर जात नाही. वाचला, पण परत असं झालं तर सांगता येत नाही," म्हणाल्या. दोघंही शाळेतल्या पोरांसारखी खाली मान घालून उभी होती.

आता घरात बोलणं होतं. फार नाही.

"दिली का?"

"दिली. खाल्लं?"

"अर्धं."

मी बरा होणार नाही. बाईंनी लपवलेलं नाही, मीही लपवत नाही. किडन्या आहेत तोवर सलाईन घेईन, सुया सोसेन, खाण्यावर नाक मुरडेन. पण निरोप्याची नोकरी मी सोडली आहे. तुमच्या घरात मांजर असेल तर त्याला उंदीर पकडू द्या, झोपू द्या. तुमची तोंडं तुमची तुम्ही वापरा.

काल सलाईन चालू असताना पोरीने बाटली धरलेल्या बापाकडे बघून विचारलं, "तुम्ही तुमची गोळी घेतली का?"

हेडमास्तर गडबडले. घेतली नव्हती. सवयीने माझ्याकडे वळले. "साहेब, सांगा तिला..."

पोरीने सुई काढली. मी उठलो, अंग झाडलं आणि दोघांकडे पाठ करून मुतायला गेलो.

 मागून हेडमास्तरांचा आवाज आला, "विसरलो गं. देतेस का?"