पुठ्ठ्याचा कीबोर्ड

मी पुठ्ठ्याचा कीबोर्ड बोलतोय. हसू नका. माझं आधीच पुरेसं हसं झालंय.

रत्नागिरीत गंगाराम सरांच्या क्लासात पहिला कॉम्प्युटर आला, त्याच्याच खोक्यातून सरांनी मला कापलं. पट्टी लावून चौकोन आखले, शाईने अक्षरं काढली. तेव्हा मी काय फुगलो होतो!

सरांनी दोन कोर्स आखले. प्रोग्रामरचा नि ऑपरेटरचा. मशीन एकच, म्हणून ते प्रोग्रामरवाल्यांना. ऑपरेटरच्या मुलींना मी आणि माझी भावंडं. सर मनाने वाईट नव्हते, पण त्यांना हे खरंच पुरेसं वाटायचं.

माझ्यावर अक्षर उमटत नाही. म्हणून बरोबर जागी बोट पडलं की नाही, हे सर बाकांमधून फिरून बघत. ते "पुढचं" म्हणेपर्यंत बोट उचलायचं नाही, असा नियमच होता. मथुराने तो मनापासून पाळला. तिला प्रथम श्रेणीचं प्रमाणपत्र मिळालं. तिच्या भावाने, महिपतने, लोटे एमआयडीसीत तो कामाला होता त्या कंपनीत, तिच्या नोकरीसाठी साहेबांकडे शब्द टाकला होता.

कंपनीतली टायपिंगची परीक्षा देऊन ती थेट क्लासात आली.

"सर, तुमी सांगितलाव तसाच केला मी. बोट ठेवला, तो उचललाच नाय. पडद्यावर एकच अक्षर धावत सुटला. सायब म्हणाला, खऱ्या मशीनला कदी हात तरी लावलायस काय? दादा दारातच उभा होता. त्याच्याकडं बघवला नाय माज्यान."

मला तर तोंड लपवायला जागा नव्हती. तिचं बोट चुकीचं नव्हतंच. ती सवय तिला मी लावली होती.

जाताना ती म्हणाली, "नव्या पोरींना तरी आदी मशीनवर बसवा."

"बघू," सर म्हणाले. "आता कोर्स छापून झालाय गं."

आज नवी बॅच बसली आहे. नाटे गावची फरीदा माझ्यासमोर आहे. मान खाली, ओठ घट्ट मिटलेले. सर अजून पलीकडच्या बाकाशी आहेत, आणि तिचं बोट माझ्यावर कधीचं टेकलेलं आहे.

फरीदा, बाय माझे, उचल गं ते बोट. नाहीतर मला फाडून टाक आणि आत जाऊन खऱ्या मशीनपुढे बस.