चौथा घास

ज्योतीच्या आईने एक गोधडी जन्मभर जपली, पण अंगावर कधी घेतली नाही. "उपाशी हाय गं ती," म्हणायची. गोधडी शिवून झाली की चारी कोपऱ्यांना चिंधीची छोटी घडी टाचायची, त्याला घास म्हणायचे. हिला तीनच घास होते. गोधडी आजीने शिवलेली, आणि आजी तर आई रांगत असतानाच गेलेली. चौथा का राहिला हे सांगायला कुणी उरलंच नव्हतं.

आई गेली आणि ज्योतीला ती न पाहिलेली आजी एकाएकी हवीहवीशी झाली. फोटो नाही तर नाही, निदान तिचं माहेर तरी सापडावं! कोल्हारला मामेभाऊ आदिनाथने घराण्याची वंशावळ मोठ्या हौसेने फ्लेक्सवर छापून घेतली होती. सात पिढ्यांचे पुरुष फांदीफांदीवर बसलेले. बायका जणू आभाळातून पडलेल्या. आजोबांच्या नावाखाली बारीक अक्षरात एवढंच, पत्नी सुभद्राबाई.

"माहेर मिरजगावचं म्हणतात," आदिनाथ म्हणाला. "लग्नातच मानपानावरून वाजलं. पुढं येणं-जाणंच तुटलं."

ज्योती गोधडी पिशवीत घालून मिरजगावला गेली. सुभद्राचं नाव काढताच पारावरच्या म्हाताऱ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. ती हिरमुसून निघाली तेव्हा कुणीतरी म्हणालं, छबूबाईला विचारा, तिचं माहेरही हेच न् सासरही हेच.

छबूबाई ओसरीत लसूण सोलत होती. "सुभद्रा? अशी कोनी न्हाई बाई."

ज्योतीने गोधडी पसरली. म्हातारीला दिसायचं कमीच. तिने हातानेच कोपरे चाचपले. चौथ्यावर हात थबकला.

"कोल्हारला दिल्ती का?"

"हो!"

"मग सुभद्रा कशाची? ते लग्नात तांदळात लिवलेलं नाव. नवऱ्यानं ताटात बोट फिरवलं न् झाली सुभद्रा. आमची कडू ती. माझी थोरली भन." तिने तो कोपरा चिमटीत धरला. "ह्यो कोपरा मीच मोकळा ठिवाया लावला. म्हनलं, दिवाळीला येशील तवा माज्या हातानं घास घालीन. दादा न्यायला गेल्ता, त्येला दारातनंच माघारी लावला. पुना न्हाई दिसली."

कडू. ज्योतीने ते नाव मनातल्या मनात म्हणून पाहिलं. आईला आपल्या आईचं खरं नावसुद्धा कधी कळलं नाही, या विचाराने तिला रडू कोसळलं.

छबूबाईने पदराचा काठ फाडून तिच्या हातात ठेवला. "ऱ्हाऊ दे तुज्यापाशी. दिवाळीला ये, तवा घालू."

ज्योतीने काठाची तिथेच घडी घातली. "नाही आजी. दिवाळीला येईनच, पण घास आज घालायचा."

सुईत दोरा ज्योतीने ओवला. टाके वाकडेतिकडे पडू लागले. एकीला दिसत नव्हतं, दुसरीचे डोळे भरलेले. शेवटच्या टाक्याला छबूबाई मान खाली घालूनच म्हणाली, "कडू, दोरा वढ की गं."

"ओढते," ज्योती म्हणाली.