परवानगीची पाटी

मी पाटी बोलतेय. लिहायची पाटी नव्हे हं! माझ्यावर कधी कोणी अक्षरं गिरवली नाहीत. मी मोडक्या बाकाच्या फळीची, सुतळी ओवलेली आणि लाल रंगात 'परवानगी' असं रंगवलेली पाटी. वर्गातून ज्याला लघवीला जायचं असेल त्याने मला गळ्यात घालून जायचं.

माझा जन्म वर्गाच्या बाईंच्या रागातून झाला. पोरं बाहेर जातात आणि उंडारत बसतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सुताराला बोलावलं. तो बिचारा म्हणाला, "बाई, पुठ्ठ्याचा तुकडा चालेल की."

"जड कर," बाई म्हणाल्या. "हलकं असलं की पोरांना मजा वाटते."

झालं! मोठी मुलं मला घालून वाकून चालत, लहानांच्या तर मी गुडघ्यांवर आपटे. आता सांगा, यात माझा काय दोष?

त्या शाळेत नियमांना तोटा नव्हता. शिंक आली तर आधी हात वर करायचा. पावसात छत्री उघडायची ती मुख्याध्यापकांनी स्वतःची उघडल्यावरच. एकदा त्यांच्या छत्रीची कळ अडकली आणि अख्खी शाळा मिटलेल्या छत्र्या हातात धरून निमूटपणे भिजली. पण सगळ्यांत कडक आमच्या बाई. पोरं त्यांना 'करवत' म्हणत. मी दाराजवळच्या खिळ्याला असायची, त्यामुळे त्यांच्या पाठीमागे कोण कसली तोंडं करतं ते मला नीट दिसायचं. फार करमणूक व्हायची.

पहिल्या बाकावर एक एवढीशी, भित्री मुलगी बसायची. सगळे तिला चिमटी म्हणत. एक दिवस एक धांदरट पोरगी मला मुतारीच्या खिडकीतच विसरून आली. खिडकी वर्गासमोरच होती, त्यामुळे पुढचं सगळं मी तिथून पाहिलं.

चिमटी उभी राहिली. "बाई, जाऊ?"

"पाटी कुठाय?"

"तिकडेच राहिलीय, बाई."

"मग आण जा."

चिमटी दारापर्यंत पोचली.

"थांब! पाटीशिवाय कुठे निघालीस?"

"पाटी आणायलाच, बाई."

"पाटी घालून जा!"

सगळ्या वर्गाला पेच कळला. बाईंनाही कळला असणार, पण नियम त्यांचा, माघार कोण घेणार? चिमटी परत जागेवर जाऊन बसली. थोड्या वेळाने बाकाखाली ओल पसरली आणि वर्ग खो खो हसला. बाईंनी एका मुलाला बाहेरून फडकं आणायला पाठवलं. त्याला बरं पाटी लागली नाही!

त्यानंतर चिमटीने शाळेत पाणी पिणंच सोडलं. मला तर तिने पुन्हा हातही लावला नाही. मला फार वाईट वाटलं. लाकडाला लाज वाटते की नाही ते मोठ्यांनी ठरवावं, मला वाटली.

वर्षं गेली. बाई निवृत्त झाल्या, नवे शिक्षक आले आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथे वाळवीने माझा एक कोपरा खाल्ला. वजन कमी झालं म्हणून मी तिचे आभारच मानले.

आज सकाळी मला कोणीतरी खसाखसा पुसलं. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता, आणि 'जुनी शिस्त' म्हणून मला व्यासपीठाशेजारच्या टेबलावर मांडलं. बाईंचा सत्कार होता. हातात काठी, केस पांढरे, पण मान तशीच ताठ. अध्यक्ष शिस्तीवर बोलायला उभे राहिले ते थांबायचं नावच घेईनात. बाई खुर्चीत चुळबुळायला लागल्या. ती चुळबुळ मी ओळखते, माझा जन्म त्यातच गेलाय.

शेवटी बाई उठून दाराशी गेल्या. म्हातारा शिपाई आडवा झाला. "बसा, बाई. भाषण चालू असताना कोणाला सोडायचं नाही. तुम्हीच लावून दिलेली शिस्त."

अध्यक्ष थांबले. "काय झालं, बाई?"

सगळं सभागृह बाईंकडे बघायला लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांना परवानगी मागायला लावणाऱ्या बाई, पण चारचौघांत स्वतः मागायची त्यांना लाज वाटली.

तिसऱ्या रांगेतून एक चष्मेवाली बाई तरातरा टेबलाकडे आली. चिमटी! आता बाईंची काही खैर नाही, असं मला वाटलं. बाईंनी तिला ओळखलं आणि मान खाली घातली.

चिमटीने मला उचललं, स्वतःच्या गळ्यात घातलं आणि मोठ्याने म्हणाली, "अध्यक्षसाहेब, मला लघवीला जायचंय. एकटीला भीती वाटते. बाईंना सोबत नेऊ?"

सभागृह हसून हसून लोटपोट झालं. सगळे चिमटीलाच हसत होते आणि तीही हसत होती. शिपायाने मुकाट्याने दार उघडलं.

येताना बाई व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या.

"चला ना बाई, भाषण अजून चालू असेल."

"म्हणून तर बसले."

चिमटीही बसली. तिने मला दोघींच्या मध्ये ठेवलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी मी नुसतं 'जा' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं गं?"

"काही नाही, बाई. फरशी कोरडी राहिली असती."

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. चिमटीने त्यांचा हात धरला.

आत सत्कारासाठी बाईंचं नाव पुकारतायत. दुसऱ्यांदा पुकारलं. दोघी अजून इथेच बसल्यात. तुमच्यापैकी कोणी दारापाशी असेल तर माझं एवढं ऐका, इतक्यात यांना आत बोलावू नका.