एका मिनिटाचा थांबा

बालाघाटच्या शिवेवरच्या नव्या स्टेशनात गाडी एकच मिनिट थांबते, हे श्रुतिकाने आजीला सकाळपासून चार वेळा बजावलं होतं. मैनाबाईंनी चारही वेळा मान डोलावली आणि मनात म्हटलं, पोरीला काय कळतं! गाडी कधी एक मिनिट थांबते होय?

त्यांची गाडी म्हणजे छोट्या लाईनची. ती इथं थांबायची तेव्हा ना फलाट होता ना छप्पर. मोहाच्या झाडाखाली उतरायचं. थोरली बहीण जिजाबाई महिन्यातून एकदा गोंदियाकडून नैनपूरला नवऱ्याकडे जायची. मैनाबाई डब्यात चढून तिच्याशेजारी बसायच्या आणि सासूच्या कागाळ्या सुरू करायच्या. गार्ड भोजराजभाऊ हिरवी झेंडी काखेत धरून खिडकीपाशी यायचे. "झालं काय बाई?" मैनाबाई 'हौ' म्हणून उतरल्या की मगच गाडी हलायची. इंजिन कोळशावर नाही, मैनाबाईंच्या 'हौ'वर चालतं, असं गाव म्हणायचं. फार सुखाचे दिवस होते ते. पुढे रुंद रुळांची मोठी लाईन आली आणि नऊ वर्षं इथं एकही गाडी थांबली नाही.

आता स्टेशन झालं, तर जिजाबाई कायमची जबलपूरला मुलाकडे निघाली होती. मैनाबाईंना तिला एवढंच म्हणायचं होतं, की उतर, माझ्याकडे राहा. जन्मात त्या हे बोलल्या नव्हत्या. आधी घर सासूचं, वर चार जावा. बहिणीला ठेवून घ्यायची कुणाची छाती? मग नवऱ्याचं दुखणं. आता घर आपलं होतं, पण जीभ रेटत नव्हती. फोनवर म्हणावं, तर जिजाबाईचा फोन मुलगा मोहित स्पीकरवर लावून धरायचा. त्याच्यादेखत त्याचीच आई कशी मागायची?

गाडी आली. आठ डब्यांची, हलकीफुलकी, धूर नाही की धडधड नाही. तिसऱ्या डब्यात जिजाबाई दिसली, समोर तिला न्यायला आलेला मोहित. मैनाबाई सवयीने चढल्या, शेजारी टेकल्या, पदराने घाम पुसला आणि "कशी हायेस बाई?" म्हणेपर्यंत फलाट मागे सरकू लागला.

"आजी, उतर! गाडी चल दी!" श्रुतिका खालून ओरडली.

"काहून? मी तं हौ म्हटलीच नाही!"

सगळा डबा हसला. मोहितने कपाळावर हात मारला. "मावशी, अब अगला स्टेशन. बीस मिनट." आणि श्रुतिकाला फोन लावत तो दाराकडे गेला.

दोघी बहिणी शेजारी बसून राहिल्या. बाहेर धानाचे बांध पळत होते. इतकी वर्षं एकाच बाकावर बसल्या, पण एक कोस काही बरोबर गेल्या नव्हत्या. मैनाबाई गुडघ्यांचं बोलल्या, म्हशीचं बोलल्या, नको ते सगळं बोलल्या. विसातली पंधरा मिनिटं अशीच गेली. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि म्हटलं, "बाई, उतर. माह्याकडं राह."

जिजाबाई खिडकीकडून त्यांच्याकडे वळली.

"आता म्हणतं काय वो?" ती म्हणाली. "दर खेपेले मी थैलीत एक लुगडं जास्तीचं टाकत होती. वाटे, आज मैना म्हणन, उतर. गाडी थांबली का थैलीवर हात ठेवून बसो मी. अन् तू आपली सासूचंच सांगत राहे."

मैनाबाईंना रडू आवरेना. "आज हाय काय ते लुगडं?"

"आज तं सारेच हायेत."

गाडी मंदावली. "चला मावशी, उतरा," मोहित दारातून म्हणाला.

मैनाबाई उठल्या. त्यांनी बाकाखालची थैली ओढून काढली आणि एक बंद मोहितच्या हातात दिला.

"धर, जड हाय. अन् पहिले तुह्या आईले उतरव."