किनुबाईंकडचे मुळे

मिझुहाशीसाहेबांची पोटाच्या औषधाची कंपनी तोयामा शहरात सगळ्यांना ठाऊक होती. तरुणपणी ते पाठीवर करंडा बांधून डोंगरातल्या गावांत घरोघरी ठेवलेल्या औषधपेट्या पुन्हा भरत फिरत. पुढे कारखाना काढला आणि चित्रं जमवायचा नाद लागला. साठाव्या वर्षी त्यांनी गावासाठी चित्रसंग्रहालय बांधलं. मी त्यांची गाडी चालवत असे.

उद्घाटनाला महिना असताना ते म्हणाले, "फुजिनामी, हिदाच्या डोंगरांकडे जायचंय. एक चित्र मागायचंय."

डोंगरातल्या एका घरासमोर गाडी थांबली. किनुबाई अंगणात काकी नावाची नारिंगी फळं वाळवायला सोलत होत्या. सत्तरीच्या असतील.

"या औषधवाले," त्या म्हणाल्या. "केस गेले की हो सगळे."

आतल्या खोलीत भिंतीवर मातीसकट उपटलेल्या तीन मुळ्यांचं चित्र होतं. किनुबाईंचा नवरा कागदाच्या कारखान्यात कामाला होता. फुकट गेलेल्या कागदावर तो चित्रं काढायचा. लढाईतून तो परत आला नाही. एवढं एकच चित्र राहिलं होतं.

"विकायचं नाही," साहेबांनी तोंड उघडण्याआधीच त्या म्हणाल्या.

"संग्रहालय उघडेल तेव्हा महिनाभर उसनं द्या, ताई."

"तुमच्याकडे ढिगानं आहेत. मुळ्यांचं काय करणार?"

साहेबांनी चित्राकडे बोट केलं. मग म्हणाले, "त्या वर्षीच्या बर्फात फेरीवर असताना मी तापानं पडलो होतो, तेव्हा तुम्ही दोघांनी एकोणीस दिवस मला इथे ठेवून घेतलंत. पेज पाजलीत. पडल्या पडल्या मी हेच बघत होतो. चित्र बघायला मी इथे शिकलो."

"मला वाटायचं, छपराकडे बघताय. म्हटलं, हा काही वाचत नाही."

त्या हसल्या, आणि नंतर तळहातानं डोळे पुसले. "चालेल. पण मीही येणार. आणि ह्यांचं नाव लिहायचं."

उद्घाटनाला मोठमोठ्या चित्रकारांच्या रांगेत मुळे लागले. खाली पाटी होती, इतरांएवढीच, आणि तिच्यावर किनुबाईंच्या नवऱ्याचं नाव: गेन्पाची. किनुबाई त्या पाटीसमोर कितीतरी वेळ उभ्या होत्या. साहेब त्यांच्याजवळ गेले आणि कमरेत पूर्ण वाकले. भाषणात मात्र ते दोनच वाक्यं बोलले.

महिना झाल्यावर आम्ही चित्र परत नेलं. खिळ्यावर साहेबांनीच चढवलं. "डावीकडे थोडं," किनुबाई म्हणत राहिल्या. निघताना त्यांनी वाळवलेल्या काकीफळांची माळ दिली.

परतीच्या वाटेवर साहेब एरवी बाजारभाव वाचायचे. त्या दिवशी त्यांनी छापील काही हातात घेतलं नाही. जुन्या फेरीतलं एकेक घर आठवून सांगू लागले: इथे गरम पाणी मिळालं, तिथे ओले मोजे वाळवून दिले, त्या घाटातल्या म्हाताऱ्यानं पुलापर्यंत सोबत केली.

"किती माणसांनी सांभाळलं बघ मला," ते म्हणाले.

मी गाडी हळू घेतली. शहर आलं तरी त्यांची घरं संपली नव्हती.