हातानोसानचे सात डाव

गो हा काळ्या-पांढऱ्या खड्यांचा जपानी पटखेळ खेळायला लोक माझ्या दुकानात येत. तिथे भिंतीवर एक फळा होता. त्यावरच्या खिळ्यांना सभासदांच्या नावांच्या लाकडी पाट्या टांगलेल्या असत आणि डाव झाला की मी त्या वरखाली करत असे. दुकान गेले, फळा अजून माझ्याजवळ आहे. त्यावरच्या आठ पाट्या माणसांच्या नाहीत, संगणकाच्या प्रोग्रामच्या आहेत.

सेंदाईचे प्राध्यापक नुकागा दर शरदात या प्रोग्रामची स्पर्धा माझ्याकडे भरवत. तेव्हा यंत्र यंत्राशी थेट बोलत नसे. पटाच्या दोन बाजूंना दोन मालक बसत. आपले यंत्र सांगेल तिथे खडा ठेवायचा आणि समोरच्याने ठेवलेल्या खड्याची जागा आपल्या यंत्रात टाइप करायची. डोके यंत्राचे, बोटे माणसाची.

हातानोसान रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. तीन तासांच्या प्रवासात गादीच्या खोळीत गुंडाळलेले यंत्र मांडीवर धरून येत. त्यांच्या गावात दुसरा प्रोग्राम नव्हता. आपला कितपत शिकला आहे, हे त्यांना वर्षातून एकदाच, इथे कळायचे. आणि तेही कळत नव्हते. स्पर्धा बाद पद्धतीची, आणि दोन वर्षे ते पहिल्याच डावात गेले. दोन्ही वेळा समोरच्याचा खडा त्यांनी पटाच्या उलट्या बाजूने मोजला. मग यंत्राचा पट वेगळा, टेबलावरचा वेगळा. यंत्राने भरलेल्या जागी खडा मागितला की डाव संपला. जेवणाआधी हातानोसान स्टेशनवर.

तिसऱ्या वर्षी त्यांनी पत्रात लिहिले, डोळे साथ देत नाहीत, हे शेवटचे. नुकागा सर चहाला आले तेव्हा मी म्हटले, यंदा साखळी पद्धत करू, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे.

"अहो बाई, अठ्ठावीस डाव होतात," सर म्हणाले. "आणि पहिला नंबर आधीच ठरला, तर शेवटचे डाव बघणार कोण? पेपरच्या बातमीदाराला दाखवू काय?"

"तुम्ही परीक्षा प्रोग्रामची घेता की हातानोसानच्या चष्म्याची?"

सर हसले, पण हो म्हणाले नाहीत. मी फळा उतरवून त्यांच्यापुढे पाट्या मांडल्या. चार टेबले, शनिवारी चार फेऱ्या, रविवारी तीन, प्रत्येकाला अर्धा तास. तेव्हा कुठे त्यांनी कबूल केले की त्यांचा स्वतःचा प्रोग्राम फार सावकाश विचार करतो, अर्ध्या तासात त्याचे हाल होतील. पाऊण तासावर आमचे जमले.

शनिवारी पहिलाच डाव हातानोसान आणि सरांचा. छत्तिसाव्या खेळीला पुन्हा तीच चूक. हातानोसाननी मान लववली, हरल्याचे सांगितले आणि सवयीने खोळ उलगडली.

"खोळ ठेवा हो," मी म्हटले. "चौथ्या टेबलावर तुमचा पुढचा डाव आहे. अजून सहा आहेत."

ते फळ्याकडे बघत राहिले. पाटी खिळ्यावरच होती. मग त्यांनी माझ्याकडे लाल दोरा मागितला. त्याचे दोन तुकडे करून, डब्यातल्या भाताच्या शितांनी एक पटाच्या कोपऱ्याला आणि एक यंत्राच्या पडद्याच्या त्याच कोपऱ्याला चिकटवला.

"सिग्नलवाल्याला लाल दिवा आता सापडला," सर शेजारच्या टेबलावरून म्हणाले. रविवारी सकाळी त्यांनी स्वतःसाठी दोरा मागितला, तोही हळू आवाजात.

सरांची भीती खरी ठरली. पहिला नंबर एक फेरी आधीच ठरला आणि बातमीदार निघून गेला. शेवटच्या फेरीला बघायला मी एकटीच होते. हातानोसान तो डाव अर्ध्या घराने, म्हणजे अगदी निसटता, जिंकले. एकूण चार जिंकले, तीन हरले, चौथे आले.

मग त्यांनी वही काढली आणि फळ्याशी नाक लावून, मी त्यावर खडूने लिहिलेले अठ्ठावीसच्या अठ्ठावीस निकाल उतरवून घेतले.

"कोपऱ्यात कच्चा आहे," ते म्हणाले. "पहिला डाव माझ्या डोळ्यांनी घालवला, बाकीचे दोन तिथेच गेले. एवढं दुरुस्त करायला वर्ष लागेल."

"म्हणजे पाटी ठेवू?"

"ठेवा," ते म्हणाले आणि यंत्र खोळीत घालू लागले. पडद्यावरचा दोरा त्यांनी काढला नाही.