उलटा छापलेला पंजा

धाकट्याने मुलाखतवाल्या बाईंना थेट घरीच बोलावलं, आणि ताईला नेमकं तेच नको होतं. रॉक बँड धाकट्याचा, गळाही त्याचाच, पण बँडचं चिन्ह ताईने काढलेलं. तीनच बोटांचा उघडा पंजा. तो आता टी-शर्टांवर होता, ड्रमवर होता, कुणाकुणाच्या दंडावर गोंदलेलाही होता. पंजा कुणाचा, हे मात्र या बहीणभावांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

तो त्यांच्या वडिलांचा, अप्पांचा होता. छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात त्यांची हयात गेली, आणि तिथल्याच कागद कापायच्या यंत्राने डाव्या हाताची दोन बोटं नेली. त्यानंतर चारचौघांत तो हात कधी खिशाबाहेर आला नाही, ताईच्या लग्नातल्या फोटोंतसुद्धा नाही. एका दुपारी अप्पा खुर्चीत घोरत होते, हात बाजूला लोंबत होता, आणि ताईला चित्र काढल्यावाचून राहवेना. बापाने जिवापाड लपवलेलं तिने गुपचूप उचललं आणि धाकट्याने ते जगभर मिरवलं.

एक बरं झालं होतं. न्हाणीघरात पहिले टी-शर्ट छापताना दोघांनी घाईत चित्राची फिल्म उलटी लावली, आणि डाव्याचा उजवा झाला. धाकटा चडफडला. ताईने मात्र सुटकेचा निःश्वास टाकला होता. उजवा पंजा पाहून अप्पांना कसली शंका येणार?

आता अप्पा कोपऱ्यात बसले होते, हात खिशात. बाईंनी चिन्हाचा अर्थ विचारला, तशी धाकट्याने ठेवणीतली थाप काढली. "एक बोट म्हणजे भूक, दुसरं राग, आणि तिसरं..." तिसरं तो दरवेळी नवीन सांगायचा, आज नेमकं सुचेना.

"ते असू दे," बाई म्हणाल्या. "पण हात कुणाचा बघून काढला?"

धाकट्याने ताईकडे पाहिलं. तिची नजर चुकूनही कोपऱ्याकडे जात नव्हती.

"माझा," अप्पा म्हणाले.

त्यांनी हात बाहेर काढून टेबलावर ठेवला. बाईंनी हातातला कॅमेरा खाली ठेवला.

"अप्पा, तो उजवा आहे," ताई कशीबशी म्हणाली. इतक्या वर्षांचा तिचा तोच एक आधार होता.

"खिळ्यावरचं अक्षर उलटंच असतं, पोरी. जन्मभर उलटं वाचून पोट भरलं मी, माझाच हात ओळखणार नाही होय? पहिला टी-शर्ट दोरीवर वाळत होता, तेव्हाच ओळखला."

"मग बोलला का नाहीत?" तिचे डोळे भरून आले होते.

अप्पांनी हात टेबलावरून काढून घेतला नाही.

"तू सांगशील, म्हणून थांबलो होतो."